जमाखर्चात न दिसणारा रुग्ण

रुग्णालयाचे बिल हा आपल्या काळातला मोठा बोलका कागद आहे. त्यात खोलीचे भाडे असते, डॉक्टरांची फी असते, सुया, हातमोजे, कापूस, सलाइनची नळी असते. इतकेच काय, हे सगळे लिहून काढण्याचा खर्चही 'प्रशासकीय आकार' म्हणून कुठेतरी बसलेला असतो. उभी हयात बँकेत काढल्यामुळे आकड्यांचे कागद वाचण्याची मला खोड लागली आहे. आमच्याकडे तपासणीला येणारे जुने अधिकारी सांगत, की काय लिहिले आहे ते नंतर पाहा, काय लिहायचे राहिले आहे ते आधी शोधा. त्या नजरेने पाहिले, तर या लांबलचक बिलात एक गोष्ट कधीच सापडत नाही: हा माणूस मुळात आजारी का पडला?

दम्याच्या मुलीला वर्षातून तीनदा दाखल करावे लागते. बिलात वाफाऱ्याचे यंत्र आहे, तिच्या घराची ओल धरलेली भिंत नाही. बाळंतिणीला चढवलेल्या रक्ताच्या दोन पिशव्यांची नोंद आहे. नऊ महिने ती सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवली, याची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मूल वयाच्या मानाने खुजे निघाले. या बायका आणि ही मुले राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत. ती कुठल्या पाड्यावर, कुठल्या झोपडवस्तीत, गावाच्या कुठल्या टोकाला सापडतील, हे रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरचा कारकून सांगू शकेल. पत्त्याचा रकाना रोज तोच भरत असतो.

मग रुग्णालयाने आपल्या तिजोरीतला थोडा पैसा फाटकाबाहेर, त्या पत्त्यावर खर्च करावा का? आणि करायचा, तर तो तिथल्याच महिला मंडळांच्या, बचत गटांच्या, वस्तीतल्या छोट्या संस्थांच्या हाती द्यावा का? ऐकायला हा प्रश्न भाबडा वाटतो. पण जगात काही ठिकाणी तो कायद्याच्या पुस्तकात शिरला आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने त्याचे उत्तर कायद्याशिवाय, पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

आपला कायदा खाटा मोजतो

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालये चारशेहून अधिक आहेत. विश्वस्त संस्था म्हणून नोंद झालेली असल्याने त्यांना करांत सवलती मिळतात. काहींना सरकारी जमीनही नाममात्र मोलाने मिळालेली आहे. त्या बदल्यात समाजाच्या पदरात काय पडावे, हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात पुढे घातलेल्या ४१कक या कलमात सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्यासाठी एक योजना आखून दिली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के इतकी रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची. आणीबाणीत आलेल्या गरीब रुग्णाकडे अनामत रकमेसाठी अडून बसायचे नाही.

हा कायदा प्रत्येक घरात माहीत असावा, असे मला वाटते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या रखवालदाराला, रिक्षावाल्या शेजाऱ्याला तो माहीत नसतो. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, एवढे सांगणारे कुणी जवळ असले, तरी एखाद्या घरावरचे कर्ज टळते.

पण या चांगल्या कायद्याचीही नजर फाटकापासून सुरू होते. माणसाने आधी खाटेवर पडण्याइतके आजारी व्हावे, मग त्याला कायदा ठाऊक असावा, मग त्याच्याकडे कागद असावेत, तेव्हा कुठे तो पात्र ठरतो. निर्धन रुग्ण निधीतून बिल फिटते. बिल होऊच नये म्हणून त्या निधीत रकाना नाही. रुग्णालयाच्या ताळेबंदात बरा झालेला रुग्ण दिसतो, दगावलेलाही दिसतो. जो आजारी पडलाच नाही तो कुठेच दिसत नाही.

जामखेडचा हिशेब

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यकी शिकले आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात रुजू झाले. तिथे काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आले, की तीच तीच माणसे तेच तेच आजार घेऊन परत येत आहेत आणि त्यातले बहुतेक आजार टाळता येण्याजोगे आहेत. परदेशी जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड गाठले. तालुका दुष्काळी. गावकऱ्यांशी बोलायला बसल्यावर पहिली मागणी आली ती पाण्याची आणि धान्याची. डॉक्टरचा नंबर नंतर लागला. आरोळ्यांनी तोच क्रम मान्य केला. विंधण विहिरी घेतल्या आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसतील असे पाहिले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागेल.

मग तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, महिला मंडळे उभी राहिली. गावाने निवडलेली एक बाई, पुष्कळदा निरक्षर आणि पुष्कळदा दलित, आरोग्यसेविका झाली. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे, आणि परत जाऊन दारोदार ते सांगायचे, असा तिचा शिरस्ता. रुग्णालय होतेच, अडलेली बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया तिथे होत. देणग्यांच्या जोडीला त्या रुग्णालयाचे उत्पन्नही गावच्या कामाला टेकू देत होते. सुरुवातीला त्या परिसरात जन्मलेल्या हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. शतक संपता संपता हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ज्या 'आशा' ताई देशभर दिसू लागल्या, त्यांच्या वंशावळीत जामखेडच्या त्या बायका आहेत.

सेवाग्रामची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत विम्याची एक योजना उभी केली. हप्ता पैशांत भरायचा नसे, सुगीच्या वेळी ज्वारीत भरायचा. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी घालायची. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. गावातली बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव आत. ज्वारीच्या पोत्यांतून रुग्णालयाचा सगळा खर्च निघत नव्हता, हे उघड आहे. उरलेला भार रुग्णालय सोसत होते. पण त्या पोत्यांमुळे गाव रुग्णालयाचे याचक राहिले नाही, भागीदार झाले. पीककर्जाची वसुली कधी करावी हे बँकांना कळायला जेवढी वर्षे लागली, त्याहून लवकर हे डॉक्टरांना कळले.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीही सत्तरच्या दशकात शहरातल्या रुग्णालयाची मदत नगर रस्त्यावरच्या वढू गावापर्यंत नेली. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही तिन्ही कामे मोठी. पण ती उभी राहिली मोठ्या माणसांच्या जिद्दीवर. अशी माणसे कायद्याने निर्माण करता येत नाहीत. मग त्यांचे काम तरी कायद्याने पुढे चालवता येते का? याचे प्रयोग पाहायचे, तर अमेरिकेत डोकावावे लागते. तिथली बहुसंख्य रुग्णालये आपल्या धर्मादाय रुग्णालयांसारखीच करमुक्त आहेत आणि तिथली विषमताही काळ्या-गोऱ्या वस्त्यांच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

औषधाच्या चिठ्ठीवर धान्य

मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचे एक गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ साली ते वसवले. १९६०च्या दशकात डॉ. जॅक गायगर यांनी बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या वतीने तिथे आरोग्य केंद्र सुरू केले. पैसा केंद्र सरकारच्या गरिबी निर्मूलनाच्या खात्याचा होता. गायगर विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याच्या हाताखाली काम करून आलेले होते आणि वस्तीला बरोबर घेऊन आरोग्य कसे सुधारते ते त्यांनी तिथे पाहिले होते.

माउंड बायूच्या भोवती कापसाची शेती, आणि यंत्रे आल्याने मजुरी गेलेली काळी कुटुंबे. मुले कुपोषणाने आजारी पडत. केंद्रातले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून देऊ लागले. गावातल्या किराणा दुकानदारांनी चिठ्ठीप्रमाणे माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखात्याला पाठवायचे. वरून विचारणा झाली, की औषधाच्या पैशांतून धान्य कसे? गायगर यांचे उत्तर असे, की औषधखाते रोगावरच्या उपचारासाठी असते आणि कुपोषणावर वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेला उपचार अन्न हाच आहे. पुढे चिठ्ठीवरच न थांबता तिथल्या कुटुंबांनी मिळून सहकारी शेती उभी केली आणि आपला भाजीपाला आपण पिकवला.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट जुनी वाटत असेल, तर एक ताजी सांगतो. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. क्षयरोग्याच्या औषधांबरोबर काही घरांना सगळ्या कुटुंबापुरते तांदूळ, डाळ असे धान्य मिळत होते, उरलेल्या घरांत फक्त रोग्याला. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळाले, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. डाळ-तांदळाने क्षय रोखला! पण त्या डाळ-तांदळाचे बिल रुग्णालयाच्या कुठल्या खात्यावर टाकायचे, हा गायगर यांना विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे.

खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाने २००५ साली दम्याच्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला. तातडीच्या विभागात पुन्हा पुन्हा येणारी मुले मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांमधली. रुग्णालयाने वस्तीतलीच भाषा बोलणाऱ्या आरोग्यसेविका त्यांच्या घरी पाठवल्या. त्यांनी घरातली झुरळे पाहिली, उंदीर पाहिले, बुरशी पाहिली, धुळीने भरलेल्या गाद्या पाहिल्या. मग गाद्यांना खोळी दिल्या, धूळ ओढणारे यंत्र दिले, झुरळांचा बंदोबस्त केला, घरमालकाशी बोलणे केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात २८३ मुलांचा वर्षभराचा हिशेब आहे: तातडीच्या विभागात येणे ६८ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होणे जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाले. खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढल्या काही वर्षांत १.४६ डॉलर वाचले.

इथे बँकवाल्याचे कान टवकारतात. वाचले ते कुणाचे? रुग्णालयाचे नव्हेत. सेविकांचा पगार आणि यंत्रांची किंमत रुग्णालयाच्या वहीत खर्ची पडली. दाखल होणारी मुले कमी झाली म्हणजे रुग्णालयाचे उत्पन्नही घटले. वाचलेला पैसा जमा झाला विमा कंपनीच्या आणि सरकारच्या वहीत. आपल्याकडेही हेच गणित आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयाला प्रत्येक उपचाराचे ठरलेले पैसे मिळतात. टळलेल्या उपचाराचे पैसे कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा रुग्णालये वस्तीत का जात नाहीत, याचे उत्तर त्यांच्या चांगुलपणात शोधण्याचे कारण नाही. ते त्यांच्या खतावणीत आहे. ज्याला खर्च करायला लावायचा आणि फायदा दुसऱ्याच्या पदरात टाकायचा, त्याला एकतर कायद्याने बांधावे लागते किंवा त्या फायद्यातला वाटा द्यावा लागतो.

अमेरिकेने कायद्याचा मार्ग धरला. १९५६ चा नियम असा होता, की करमुक्ती हवी तर ऐपतीप्रमाणे गरिबांवर मोफत उपचार करा. १९६९ साली तो सैल झाला आणि समाजहिताचे काम केले की पुरे, असे ठरले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने पुढची अट घातली: करमुक्त रुग्णालयाने दर तीन वर्षांनी आपल्या परिसराच्या आरोग्याच्या गरजांची पाहणी करायची, त्यात परिसरातल्या लोकांचे म्हणणे घ्यायचे, ती पाहणी छापून सगळ्यांपुढे ठेवायची आणि आपण काय करणार ते सांगायचे. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर त्याच्या कितीतरी आधी एक व्यवहारी तोडगा काढला होता. मोठी नवी इमारत बांधायची परवानगी हवी असेल, तर त्या खर्चाच्या ५ टक्के इतका पैसा समाजाच्या आरोग्याच्या कामाला द्या. बोस्टनच्या त्याच मुलांच्या रुग्णालयाने जवळपास १०० कोटी डॉलरचा विस्तार हाती घेतला, तेव्हा ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम अशी बाजूला निघाली आणि वस्त्यांमधल्या संस्थांना वाटली जाऊ लागली: कुणाला घरांच्या प्रश्नासाठी, कुणाला लहान मुलांच्या संगोपनासाठी.

तरी अमेरिकेचे गोडवे गाण्याची घाई नको. २००९ सालच्या आकड्यांवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की करमुक्त रुग्णालये आपल्या खर्चाच्या साडेसात टक्के समाजहितावर खर्ची दाखवतात. पण त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग उपचारांतली सूट आणि सरकारी योजनांमधली तूट यांचाच असतो. फाटकाबाहेरच्या कामाला त्यातले जेमतेम ५ टक्के. म्हणजे रुपयातले साडेसात पैसे समाजासाठी, आणि त्या साडेसात पैशांतला अर्धा पैसादेखील वस्तीत पोचत नाही. सक्ती आली, की कागद नीट भरण्याची कलाही तिच्यामागून येते. ते आपल्याला शिकवायला नको.

मंडळांवर विश्वास ठेवावा का?

आता सगळ्यात अवघड मुद्दा. पैसा द्यायचा कुणाला? हा विषय मी एका विश्वस्त मित्राकडे काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे, उद्या गल्लीतले दहीहंडीचे मंडळ पाटी बदलून आरोग्य मंडळ म्हणून दारात उभे राहील, मग काय करशील?" शंका रास्त आहे. पण अशाच शंकेला बँकांनी एकदा उत्तर शोधलेले आहे.

१९९२ साली नाबार्डने देशातले ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू केला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. नोंदणी नसलेल्या, तारण नसलेल्या, निम्म्या सभासदांचा अंगठा असलेल्या बायकांच्या गटाला कर्ज द्यायचे, या कल्पनेने भलेभले व्यवस्थापक अस्वस्थ झाले होते. "जामीन कोण?" या प्रश्नाला एका गटाच्या अध्यक्षीणबाईंनी आपल्या मागे उभ्या असलेल्या नऊ जणींकडे बोट दाखवले होते. गट पारखण्याची रीतही हळूहळू ठरत गेली: नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर फेड आणि वहीत नोंद. ही पंचसूत्री सहा महिने पाळून दाखवली, की पहिले छोटे कर्ज. ते फिटले, की मोठे. पुढे हाच कार्यक्रम देशातल्या लाखो गटांपर्यंत गेला.

त्या काळात मी या गटांच्या इतिवृत्ताच्या वह्या वाचत असे. कर्ज कुणी घेतले, किती घेतले, कशासाठी घेतले, असे रकाने. 'कशासाठी'च्या रकान्यात एक शब्द इतक्या वेळा यायचा, की लिहिणाऱ्या मुलीने पुढे पुढे त्याच्याखाली नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा केलेल्या असत. तो शब्द होता 'दवाखाना'. शेळीसाठी घेतलेली रक्कम दवाखान्यात गेली, शिलाई यंत्राची दवाखान्यात गेली. आमच्या शाखेच्या थकबाकीच्या यादीतल्या पुष्कळ नावांमागेही तीच कथा होती. म्हणजे वस्तीतल्या गटांकडून दवाखान्याकडे पैसा वाहतच होता, आजही वाहतो आहे. त्यातला एखादा पाट उलट दिशेने काढा, एवढेच मागणे आहे.

असे गट आरोग्यासाठी उपयोगी पडतात का, याचाही पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजुट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगाव बायकांच्या बैठका घेतल्या. औषध वाटले नाही. महिन्यातून एकदा जमायचे, चित्रे आणि गोष्टी यांच्या आधाराने बाळंतपणातल्या अडचणी बोलायच्या, आणि उपाय आपणच ठरवायचा. बाकीच्या गावांशी ताडून पाहिले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'स्नेहा' संस्थेच्या साहाय्याने असाच प्रयोग झाला. ही संस्था शीव रुग्णालयात नवजात बालकांची आयुष्यभर काळजी घेतलेल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केली. पण २०१२ साली आलेल्या त्या प्रयोगाच्या निष्कर्षांत बालमृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. 'स्नेहा'ने तो निकाल लपवला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आदिवासी पाड्यावर जे साधते ते महानगरात तसेच्या तसे साधेलच असे नाही. महानगरात माणसे वस्त्या बदलतात, बायका कामावर असतात, रुग्णालयही फार दूर नसते. वस्तीचा प्रश्न कोणता, हे वस्तीतच जाऊन विचारावे लागते.

करता येण्याजोगे

मग आपल्याकडे काय व्हावे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली म्हणजे निर्धन रुग्ण निधीच्या २ टक्क्यांना आणि राखीव खाटांना हात लावू नये. आज खाटेवर असलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून उद्याच्या माणसाला देणे हा न्याय नव्हे. वस्तीचा पैसा वेगळा हवा. त्याची जागा मॅसॅच्युसेट्सने दाखवली आहे. आपल्या शहरांतही रुग्णालये नवे मजले चढवतात, वाढीव चटईक्षेत्र मागतात. त्या परवानगीच्या वेळीच, बांधकामाच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा आसपासच्या वस्त्यांच्या आरोग्याला, अशी अट घालता येईल. ज्या दिवशी रुग्णालय स्वतःहून काही मागायला येते, त्या दिवशी त्याला नाही म्हणणे जड जाते. कर्ज देणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

दुसरी, प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने दर तीन वर्षांनी आपल्या नोंदवहीतल्या पत्त्यांचा हिशेब मांडावा: कुठल्या वस्तीतून कुठले आजार येतात. तो घेऊन त्या वस्तीतल्या बायकांपुढे बसावे आणि निघालेले निष्कर्ष सोप्या मराठीत दहा पानांत छापावेत. याला फार खर्च येत नाही, मन मोठे लागते.

तिसरी गोष्ट नियमांची. मोठ्या खाजगी रुग्णालयांच्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण २०२१ पासून हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा, तर ती नोंदणीकृत, आयकर खात्याच्या मान्यतेची आणि सहसा तीन वर्षे कामाचा अनुभव असलेली असावी लागते. गैरप्रकार रोखायला हे योग्यच. मात्र त्यामुळे वस्तीतला बचत गट परस्पर बाद होतो आणि पैसा कार्यालय, हिशेबनीस आणि चकचकीत अहवाल असलेल्या संस्थांकडेच जातो. यावर उपाय म्हणजे मोठ्या संस्थेने पालक व्हायचे, तिच्यामार्फत गटांना छोटे हप्ते द्यायचे, सहा महिन्यांची वही पाहून पुढचा हप्ता सोडायचा. ग्रामीण आरोग्य अभियानाने गावच्या आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी संयुक्त सहीच्या खात्यात देऊ केला होता. रक्कम अगदी लहान, पण सरकारला जे सुचले ते रुग्णालयांना न सुचण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट पथ्याची. वस्तीत गेलेल्या पैशावर रुग्णालयाने आपल्या नावाचा फलक लावू नये. आरोग्य शिबिरांचा अनुभव आपल्याला आहे: मंडप, हार, मोफत रक्तदाब तपासणी, आणि शेवटी चिठ्ठी, की पुढील तपासण्यांसाठी आमच्या रुग्णालयात या. गिऱ्हाईक गोळा करण्याच्या खर्चाला समाजसेवा म्हणू नये. पैसा वस्तीत गेला, की तो कशावर खर्च करायचा ते ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा वस्तीतल्या माणसांच्या हव्यात, त्यांतही बायकांच्या अधिक. ओल भिंतीला आहे, गटाराला आहे की रेशनच्या दुकानाच्या वेळांत आहे, ते त्यांना ठाऊक असते.

हे सगळे सरकारने आणि विश्वस्तांनी करायचे, आपण काय करणार, असे वाचकांना वाटेल. पण मराठी घरांत आई-वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालयाला देणगी देण्याची मोठी चांगली रीत आहे. कुणी खाट देते, कुणी खोली देते, आणि भिंतीवर संगमरवराची लहानशी पाटी लागते. पुढच्या वेळी देणगीचा धनादेश लिहिण्याआधी विश्वस्तांना एकच विचारून पाहा: हा पैसा तुमच्याकडे सारखे येणाऱ्या एखाद्या वस्तीतल्या गटाला देता येईल का, आणि दिलात तर वर्षाने त्यांची वही मला पाहायला मिळेल का? दहा देणगीदारांनी असे विचारले, तर अकराव्याच्या आधी रुग्णालय नवा रकाना आखेल. त्या देणगीची पाटी कुठे लागणार नाही. पण गटाच्या वहीतल्या 'कशासाठी'च्या रकान्यात 'दवाखाना' हा शब्द हळूहळू कमी होत गेला आणि त्या जागी शाळेची फी, शेळी, शिलाईचे यंत्र असे शब्द दिसू लागले, तर आईच्या नावाने यापेक्षा चांगले काही झाले असते असे मला वाटत नाही.